धाप

बेकरीत माणसांसाठी काटा नाही.
पहाटे चारला, शेवटचा घाणा भट्टीत सरकवून
मी पिठाच्या काट्यावर चढतो.
चार पोती आणि वर अठरा किलो.
योसेलिन आकडा वाचते,
साखर-मैद्याच्या वहीत अगदी मागच्या पानावर मांडते
आणि हसत नाही.
एवढे तिचे उपकार.

वाल्पाराइसोत घर म्हणजे वर.
बंदर खाली, पगार खाली, दवाखाना खाली,
खाट तेवढी एकशे एकसष्ट पायऱ्यांच्या डोक्यावर.
मार्चमध्ये मी एकेचाळिसाव्या पायरीला थांबलो,
हात भिंतीला, तोंड टोपलीतल्या माशाचं.
ट्रेवर नंबर घालायचा खडू खिशात होता,
भिंतीवर एक रेघ मारली.
म्हटलं, इथवर मी.

नर्स मिरेयाची फीत एक सांगते,
काटा दुसरंच,
खिळा तापवून पट्ट्याला पाडलेलं नवं भोक तिसरंच.
तीन साक्षीदार, तिघांची जबानी वेगळी,
आणि आरोपी मधोमध पोट धरून उभा.
एका आठवड्यात दीड किलो उतरलो.
पुढच्यात, देवाशपथ काही न खाता, दोन चढलो.
बरं, एक पाव खाल्ला.
बरं, तीन.
भट्टीतून निघताना पावाची पाठ तडतडते,
तो आवाज रोज रात्री ज्याच्या कानावर पडतो
त्यानंच मला नावं ठेवावीत.

रेघा मात्र चढत गेल्या.
सेहेचाळीस. एकोणपन्नास.
जूनभर एकोणपन्नासच, हट्टानं,
मग एकदम अठ्ठावन्न.
ऑगस्टमध्ये कुणा पोरांनी त्या भिंतीवर
निळा ऑक्टोपस रंगवला, दुमजली.
सुंदर आहे, नाही म्हणत नाही.
माझा सगळा हिवाळा त्याच्या तिसऱ्या हाताखाली गेला.

अठ्ठावन्नाव्या पायरीला एक खिडकी आहे.
तिच्यात म्हातारा एवारिस्तो,
गोदीत वेल्डिंग करता करता डोळे विझलेला.
तिथं माझी धाप संपेपर्यंत
त्याचं बोलणं चालायचं:
भोंग्यावरून कुठलं जहाज लागलं,
कुणाच्या घरी कांदा करपला,
रविवारी आपल्या संघानं कसं नाक कापलं.
मी बोलू शकत नसे, म्हणून तो बोलायचा.
निघताना मी खिडकीच्या कठड्यावर
एक गरम पाव ठेवायचो.
हा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

मग सप्टेंबरात भट्टीचा बर्नर बिघडला,
दुरुस्तीला किती लागतील याचं गणित
डोक्यात घोळवत मी चढत होतो,
वरच्या दारापाशी किल्ली काढली
तेव्हा हातातला पाव दिसला.
अजून गरम.

उतरलो परत. एकशे तीन पायऱ्या.
"कोण?" खिडकी म्हणाली.
"मी. बेलार्मिनो."
"थापा मारू नकोस. बेलार्मिनो
तीन वळणं आधीपासून ऐकू येतो."

हात पुढे केला त्यानं.
माझं मनगट धरलं, मग कोपर, मग
आजवर कुणाला लावू दिलं नव्हतं तिथं, कमरेला,
विकत घ्यायची शेळी चाचपावी तसा.
गप्प राहिला बराच वेळ.
"गेलास की रे," म्हणाला. "किती गेलास?"

चार पोती आणि वर चार किलो, म्हणणार होतो.
चौदाच तर गेले, म्हणणार होतो.
खाली एक जहाज ओरडलं,
त्यानं कान तिकडे वळवला नाही.

मी कठड्यावर कोपरं टेकली,
पाव त्याच्या तळहातावर ठेवला
आणि दोन मोठ्या, चांगल्या घरघरत्या धापा
खोट्याच टाकल्या.

"हां," तो म्हणाला,
आणि कांद्यापासून सुरू केलं.